रुग्णालयातील पर्यवेक्षिका : तिची जबाबदारी आणि तिचा अधिकार

घरातले माणूस रुग्णालयात दाखल झाले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "डॉक्टर कोण आहेत?" डॉक्टरांचे नाव चांगले निघाले की आपला जीव भांड्यात पडतो. प्रश्न योग्यच आहे. पण डॉक्टर दिवसातून एकदा, फार तर दोनदा खाटेपाशी येतात आणि चार मिनिटे थांबून पुढे जातात. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र रोगी कोणाच्या हाती असतो, हे विचारावयाचे आपल्याला सुचत नाही. तो परिचारिकांच्या हाती असतो. आणि त्या परिचारिकांचे काम ज्या बाईच्या शब्दावर चालते तिला आपण ओळखतही नाही. आज आपणांशी बोलावयाचे आहे ते त्या बाईविषयी.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री कायद्याची पुस्तके आणि समित्यांचे अहवाल चाळून. रुग्णालयांतील आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि परिचारिका यांची गाऱ्हाणी घेऊन आम्ही बरीच वर्षे व्यवस्थापनासमोर बसत आलो आहोत. औषधातले आम्हांला कळत नाही. पण काम कोण करतो, कोणाच्या हुकमाने करतो आणि बिघडले की ते कोणाच्या गळ्यात येते, हे पाहण्याची नजर चळवळीने दिली. त्या नजरेला जे दिसले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम नावांचा उलगडा करू. सरकारी रुग्णालयात खाटेपाशी प्रत्यक्ष काम करते ती अधिपरिचारिका. आपण तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतो. आता या कामात पुरुषही आहेत, त्यांना 'ब्रदर' म्हणतात. एका वॉर्डाचा कारभार जिच्याकडे असतो ती परिसेविका, म्हणजे बोलण्यातली 'इन्चार्ज सिस्टर'. अनेक वॉर्डांवर लक्ष ठेवणारी सहायक अधिसेविका, आणि सर्वांच्या वर अधिसेविका, म्हणजेच मेट्रन. खासगी रुग्णालयांत अशाच कामाला 'नर्सिंग सुपरवायझर' म्हणतात. पायऱ्या निराळ्या असल्या तरी कामाचा गाभा एक आहे, म्हणून आम्ही 'पर्यवेक्षिका' हा एकच शब्द वापरू.

पर्यवेक्षण म्हटले की कामगाराच्या मनात प्रथम संशय उभा राहतो, आणि त्याला इतिहास आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर असे. कामावर घेणे, काढणे, बदलीचे काम देणे त्याच्या मर्जीवर चाले आणि त्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांची रीतसर नोंद सुरू केली, ती काही अंशी जॉबरची ही सत्ता कमी करण्यासाठीच. देखरेख म्हणजे मागे उभे राहून दुसऱ्याकडून काम उपसून घेणे, ही समजूत आपल्याकडे अशी मुरलेली आहे.

रुग्णालयातील पर्यवेक्षणाचा उगम मात्र निराळा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे हातात दिवा घेतलेले चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ती ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. परंतु त्या दिव्याच्या उजेडात तिचे खरे काम झाकून गेले आहे. ती हिशेबी बाई होती. चादरी किती, सदरे किती, जेवण वेळेवर येते की नाही, मेले किती आणि कशाने मेले, याचे ती आकडे मांडी. शुश्रूषेवरील तिच्या पुस्तकात वरवर किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रमुख बाईची कसोटी ती हजर असताना नव्हे, ती गैरहजर असताना लागते, हा त्याचा मथितार्थ. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली, तेव्हा परिचारिकांवर अधिकार मेट्रनचाच राहील, असा तिने आग्रह धरला. जबाबदारी जिची, अधिकारही तिचाच, या पायावर हा व्यवसाय उभा राहिला. त्यातली जबाबदारी आपण ठेवली. अधिकाराचे काय झाले, ते पुढे पाहू.

पर्यवेक्षिका दिवसभर करते तरी काय? पुष्कळ ठिकाणी सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा पाळ्या बदलतात. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी उभी राहून चार्ज देते. साखरेच्या रोग्याला इन्सुलिन दिले, आणि ऑपरेशनसाठी त्याला उपाशी ठेवावयाचे आहे. या दोन गोष्टींपैकी एकच पुढच्या पाळीला कळली, तर साखर उतरून माणूस दगावू शकतो. दोघीही शहाण्या असतील, दोघींनीही आपापले काम नीट केले असेल, तरी मधल्या सांध्यात घात होतो. हा सांधा राखणे हे पर्यवेक्षिकेचे पहिले काम.

मग तिची फेरी. डॉक्टरांच्या फेरीत रोगाची चौकशी होते. हिच्या फेरीत रोग्याच्या भोवतालच्या वस्तूंची. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा कोठे आहे आणि तो उघडण्याची चावी जागेवर आहे की नाही. कफ ओढून काढण्याचे यंत्र चालू होते की नुसतेच उभे आहे. अडीनडीच्या औषधांच्या ट्रेमध्ये मुदत संपलेली कुपी तर नाही. लघवीची पिशवी जमिनीला टेकली आहे का. मॉर्फिनच्या कपाटातील कुप्या नोंदवहीशी जुळतात का. सुई पांढऱ्या डब्यात गेली की पिवळ्या पिशवीत, कारण ती चुकीच्या पिशवीत गेली तर पहाटे कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात शिरते. यांतले एकही काम मोठे नाही. पण मध्यरात्री एखाद्याचा श्वास अडकतो तेव्हा सिलिंडरची चावी सापडणे आणि न सापडणे यांत एका माणसाचे अंतर असते.

या अदृश्य कामाचे मोठे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने घालून दिले. अरुणा शानबाग ही तेथील तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तेथील एका कर्मचाऱ्याने तिच्यावर अमानुष अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती अंथरुणाला खिळून होती. निजून राहणाऱ्या माणसाची पाठ काही दिवसांत फुटते, हे ज्यांनी घरी आजारी वडील सांभाळले त्यांना सांगावयास नको. अरुणाच्या अंगावर असे व्रण होऊ दिले नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालात तेथील परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. लोक याला माया म्हणतात. माया होतीच. पण माया थकते, आजारी पडते, सेवानिवृत्त होते. एवढ्या काळात सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी तिला कधी चालताना पाहिले नव्हते अशा मुली पुढे तिची कूस बदलत होत्या. दर पाळीत, दर दोन-तीन तासांनी, सणाच्या दिवशीही ते काम झाले, कारण ते कोणाच्या तरी यादीत होते आणि यादी कोणीतरी तपासत होते. चांगुलपणाला पाळीच्या वेळापत्रकात बसवणे, यालाच आम्ही पर्यवेक्षण म्हणतो.

आता थोडे गणित करू, कारण सगळा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतो. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, अशी स्थिती होती. त्यानंतर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि पुढे मानके ठरली. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा.

तीन खाटांमागे एक म्हटल्यावर आपल्याला वाटते, वा! पण परिचारिका चोवीस तास उभी राहत नाही. तीस खाटांचा वॉर्ड घ्या. मानकाप्रमाणे दहा परिचारिका. प्रत्येकीच्या आठवड्यात सहा पाळ्या, म्हणजे एकूण साठ. आठवड्यात भरावयाच्या पाळ्या एकवीस. भाग घाला: प्रत्येक पाळीला तीनही पुरत्या येत नाहीत. सकाळी काम अधिक म्हणून तेथे चार लावल्या, दुपारी तीन, तर रात्रीला दोनही पुरत्या उरत नाहीत. आता पाच खाटांमागे एक हे मानक लावा. परिचारिका सहा, पाळ्या छत्तीस, दिवसाला पाच. सकाळी दोन, दुपारी दोन, आणि रात्री एक. तीस रोग्यांना एक. हे कागदावरचे, सर्व पदे भरलेली असतानाचे गणित. पदे रिकामी असली की काय होत असेल त्याची कल्पना आपणच करा. त्यातही मानक खाटांवर बेतलेले आहे, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत रोगी जमिनीवर गादी टाकूनही निजतात. त्यांना परत पाठवा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. तो गरीब माणूस दुसरीकडे जाणार कोठे? पण गादीवरचा रोगी मोजणीत धरला पाहिजे, एवढे तरी म्हणू.

पर्यवेक्षिका ड्यूटीची यादी करते म्हणजे हे गणित रोज नव्याने सोडवते. एकीचे मूल तापाने फणफणले, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर, तिसरीची परीक्षा. मग या वॉर्डातली उचलून त्या वॉर्डात. पांघरूण आखूड, डोक्यावर ओढले तर पाय उघडे पडतात.

याची किंमत काय, तेही मोजले गेले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रोगी वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसून आले. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या युनियनने वर्षानुवर्षे झगडून १९९९ साली कायदा करवून घेतला. त्याचा अंमल २००४ पासून झाला, आणि पुढे साधारण वॉर्डासाठी पाच रोग्यांमागे एक हे प्रमाण आले. तेही प्रत्येक पाळीत, रात्रीसुद्धा. आकडा आपल्यासारखाच पाच, पण अर्थ किती वेगळा!

रात्रीचा वेगळा विचार केला पाहिजे. दिवसा रुग्णालयात अधीक्षक असतात, कचेरी उघडी असते, भांडार उघडे असते. रात्री वरिष्ठ डॉक्टर घरून बोलवावे लागतात, भांडाराला कुलूप असते, आणि निर्णय घेणारी म्हणून वॉर्डात सिस्टर आणि इमारतीत रात्रपाळीची पर्यवेक्षिका उरते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीवर होत्या. त्यांनी वॉर्डाची दारे लावून घेतली, वीस गरोदर स्त्रियांना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवले, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला. त्या रात्री हुकूम देणारे कोणी जवळ नव्हते. वॉर्ड माझा आहे, हे त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावर वीस जणी वाचल्या.

पण असे प्रसंग नेहमीच सुखान्त होत नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बालकांपैकी दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. त्या दिवशी अकरा रोगी मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. आम्ही एवढेच विचारतो की विजेच्या तारा, आग विझवण्याची साधने आणि रात्रीच्या माणसांची संख्या यांवर परिचारिकेचा किंवा पर्यवेक्षिकेचा अधिकार किती? साधने घेण्याची सही तिची नसते, माणसे नेमण्याची सही तिची नसते. घटना घडल्यावर मात्र हजेरीपटावरची सही तिची असते.

एका गावातील रुग्णालयात वाटाघाटी चालू असता आम्ही रात्रीच्या अहवालाची वही मागून घेतली होती. पानोपानी पर्यवेक्षिकेच्या हातची एकच ओळ: दोन वॉर्डांस मिळून एक सिस्टर, कृपया व्यवस्था व्हावी. प्रत्येक ओळीखाली तिची सही आणि तारीख होती. उत्तरासाठी सोडलेला रकाना कोरा होता. ती वही वाचून आम्हांला जेवढे समजले तेवढे कोणत्याही अहवालातून समजले नाही. बाई आपले काम चोख करीत होती. ऐकणाऱ्याचे काम कोणी करीत नव्हते.

शिवाय पुष्कळ ठिकाणी चादरी, थर्मामीटर, यंत्रे यांचा हिशेब इन्चार्ज सिस्टरच्या नावावर असतो आणि हरवले की भरपाई तिच्या पगारातून मागितली जाते. आता ठेकेदारामार्फत परिचारिका येऊ लागल्या आहेत; मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी अशा भरतीविरुद्ध संपही केला. ठेक्यावरची मुलगी काम पर्यवेक्षिकेच्या हाताखाली करते, पण तिचा पगार आणि तिची नोकरी दुसऱ्याच्या हाती. तिला शिकवून तयार करावे, तोवर ती निघून जाते.

कायद्यातही या बाईची जागा अडचणीची आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड-नोकरांच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालय हा 'उद्योग' आहे असा निर्णय दिला; मध्यंतरी ते मत फिरले आणि १९७८ च्या निकालाने पुन्हा उभे राहिले. कामगारांना त्यामुळे दाद मागण्याचे दार उघडले. पण देखरेखीचे काम करणारा आणि ठरावीक रकमेहून अधिक पगार घेणारा 'कामगार' नव्हे, अशीही तरतूद आहे. ती रक्कम प्रथम महिना ५०० रुपये होती, १९८४ पासून १,६०० झाली, २०१० पासून १०,००० झाली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. म्हणजे खासगी रुग्णालयातील परिचारिकेला बढती मिळाली आणि काम देखरेखीचे झाले, की ती या दाराबाहेर जाण्याची शक्यता असते. मालकाच्या बैठकीत तिला खुर्ची नाही आणि कामगारांच्या बाकावरून तिला उठवलेले.

येथे आमचेच कामगार बंधू विचारतील, "तिला अधिकार दिले तर ती जॉबर होणार नाही कशावरून?" शंका रास्त आहे. ड्यूटीची यादी ही मोठी सत्ता आहे. दिवाळीची रजा कोणाला, सलग रात्रपाळ्या कोणाच्या वाट्याला, अवघड वॉर्डात कोण, यांत मर्जी चालू शकते आणि काही ठिकाणी चालतेही. त्यावर उपाय अधिकार काढून घेणे हा नव्हे, तो उघड्यावर आणणे हा आहे. यादी महिना सुरू होण्यापूर्वी भिंतीवर लागावी, रात्रपाळ्या क्रमाने फिराव्यात, बदल केला तर कारण लिहावे. जी गोष्ट सर्वांना वाचता येते तिच्यात मर्जीला जागा कमी उरते.

मग करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा असावा आणि त्यावर दर पाळीला दोनच आकडे लिहावेत: रोगी किती, परिचारिका किती. जमिनीवरचे रोगीही त्यात धरावेत. दुसरी, पर्यवेक्षिकेने मनुष्यबळ किंवा साधने कमी असल्याचे लिहून दिले, तर अधीक्षकांनी दुसऱ्या दिवशी त्याखाली लेखी उत्तर द्यावे. 'शक्य नाही' असे असेल तर तेही सहीनिशी लिहावे, म्हणजे जबाबदारी जेथे राहावयास हवी तेथे राहील. तिसरी, खरेदी, दुरुस्ती आणि अग्निसुरक्षा यांच्या बैठकीत पर्यवेक्षिकेला हक्काची जागा असावी.

यांतले काहीही नागरिकांच्या रेट्याशिवाय होणार नाही. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या आहेत, नगरपालिकांच्या दवाखान्यांवर लोकप्रतिनिधी आहेत, खासगी रुग्णालयांचे विश्वस्त आपल्याच गावातले असतात. त्यांना आपण नव्या यंत्राविषयी विचारतो, इमारतीविषयी विचारतो. यापुढे हेही विचारा की रात्री वॉर्डात किती जणी असतात आणि त्यांच्या पर्यवेक्षिकेच्या वहीला उत्तर मिळते की नाही. आणि आपण स्वतः नातेवाईक म्हणून जाल तेव्हा भेटीची वेळ पाळा, खाटेभोवती गर्दी करू नका, आणि राग आला तरी सिस्टरच्या अंगावर धावून जाऊ नका. तो २०१० च्या राज्य कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहूनही, त्या घटकेला तिचे लक्ष ज्या रोग्यावर हवे असते त्याच्यावरून ते आपण काढून घेत असतो.

एवढे ध्यानात ठेवावे, अशी आपणां सर्वांना विनंती करून आम्ही हा विषय येथे पुरा करतो.